बिनटाक्याची लेन्स: पिशवी नसलेल्या डोळ्याबद्दल सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनआधी पेशंटला आणि सोबत आलेल्यांना समजावून सांगणं, हे डोळ्यांच्या दवाखान्यातलं माझं काम. ऑपरेशन सर्जन करतात, फोन मात्र मला येतात. बार्शीहून, अक्कलकोटहून, विडी घरकुलातून. भिंगाची पिशवी नसलेल्या डोळ्यात, टाका न घालता डोळ्याच्या भिंतीत बसवायच्या लेन्सबद्दल फिरून फिरून येणारे प्रश्न इथे लिहिले आहेत. तुमच्या डोळ्यापुरता निर्णय तुमचा सर्जनच देईल. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, एवढं यातून कळावं.

१. शेजारणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा बिनटाक्याचंच झालं, पंधरा मिनिटांत टेबलावरून खाली. मग माझंच एवढं मोठं का सांगताय?

शब्द एकच आहे, गोष्टी दोन आहेत. शेजारणीला टाका लागला नाही तो जखमेला. तिच्या डोळ्यात नैसर्गिक भिंगाची पिशवी शाबूत होती. आतला मोतीबिंदू काढला, त्याच पिशवीत नवी लेन्स सरकवली, काम झालं. तुमच्या डोळ्यात ती पिशवी नाही किंवा भरवशाची राहिलेली नाही. त्यामुळे लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत अडकवायची आहे. पूर्वी ती तिथे टाक्याने बांधत, आता बहुतेकदा टाक्याशिवाय रोवतात. म्हणजे तुमच्या बाबतीत 'बिनटाक्याचं' हे लेन्सबद्दल आहे. बुबुळाच्या कडेच्या जखमेला एखादा टाका पडूही शकतो. नंतर "तुम्ही तर बिनटाक्याचं म्हणाला होता" म्हणून माझ्याशी भांडण झालेलं आहे, म्हणून आधीच लिहून ठेवते.

२. डॉक्टर म्हणाले, मागचा पडदा फाटला. म्हणजे नजर गेलीच ना?

नाही. या एका शब्दाने किती घरांत त्या रात्री चूल पेटली नसेल! मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना पडदा म्हणतो. एक डोळ्याच्या तळाशी असतो, ज्यावर चित्र उमटतं, तो रेटिना. दुसरा म्हणजे भिंगाच्या पिशवीची मागची बाजू. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात फाटतो तो सहसा हा दुसरा. तो जेमतेम ४ मायक्रॉन जाडीचा असतो. डोक्याचा केस त्याच्या पंधरा-वीस पट जाड भरेल. तो फाटला की मागची जेली, म्हणजे डोळ्याच्या पोकळीत भरलेला पारदर्शक लगदा, पुढे येते, ती साफ करावी लागते, आणि लेन्सला आधार उरेल की नाही हा प्रश्न उभा राहतो. तळाचा पडदा ठीक असेल तर नजर परत येण्याची आशा चांगली असते. डॉक्टरांना सरळ विचारा: "पिशवीचा पडदा की रेटिना?"

३. मग ही डॉक्टरांची चूक समजायची का?

प्रत्येक वेळी नाही. पिकून कडक झालेला काळा मोतीबिंदू, बाहुली नीट न उघडणं, पिशवीला धरणारे तंतू आधीच ढिले असणं, अशा डोळ्यांत चांगल्या हातूनही पिशवी फाटते. काय झालं आणि लेन्स का बसवली नाही, हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घेणं हा तुमचा हक्क आहे आणि पुढच्या सर्जनची गरजही. त्या दिवशी लेन्स न बसवता डोळा बंद करणं हा बऱ्याचदा शहाणपणाचा निर्णय असतो. सुजलेल्या डोळ्यात हट्टाने लेन्स कोंबण्यापेक्षा काही आठवडे थांबलेलं बरं.

४. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं तरच ही लेन्स लागते का?

नाही, आणि आपल्याकडे तर दुसरी कारणंही भरपूर. पहिलं मार. यंत्रमागावर सुटून आलेला धोटा, काढणीच्या वेळी डोळ्यात घुसलेलं ज्वारीचं ताट, बैलाचं शिंग, पोरांची विटी. जोराच्या माराने भिंगाला चारी बाजूंनी धरणारे तंतू तुटतात आणि भिंग एका अंगाला लोंबकळतं किंवा थेट डोळ्याच्या तळाशी जातं. माग चालवणारे एक काका आले होते. धोटा लागून चार महिने झालेले. डोळा लाल नाही, दुखत नाही, म्हणून अंगावर काढलं. "फक्त वरचं दिसतं, खालचं पाण्यातून बघितल्यागत," एवढीच तक्रार. बाहुली मोठी केल्यावर भिंगाची कड अर्ध्या चंद्रासारखी उघडी दिसली.

दुसरं कारण वयाबरोबर येणारं स्यूडोएक्सफोलिएशन. यात बाहुलीच्या कडेला आणि भिंगावर कोंड्यासारखे पांढरे कण साचतात आणि तंतू कमजोर होतात. अशांची पूर्वी नीट बसवलेली लेन्ससुद्धा काही वर्षांनी पिशवीसकट सरकते. तिसरं, जन्मजात आजार. त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

५. लेन्स न बसवता नुसता चष्मा नाही का चालणार?

चालतो, पण कसा ते ऐका. भिंग नसलेल्या डोळ्याला साधारण +१० नंबरचा चष्मा लागतो. त्यातून वस्तू पाव पटीहून मोठी दिसते, कडेचं वाकडं दिसतं, दाराची चौकट फुगते. जुन्या पिढीत दोन्ही डोळ्यांना असे चष्मे लावून माणसं जगली. आजोबांच्या जाड चष्म्यामागचे मोठे डोळे पुष्कळांना आठवत असतील. खरी अडचण एकच डोळा असा असेल तेव्हा येते. एका डोळ्यातून माणूस मोठा, दुसऱ्यातून नेहमीएवढा. मेंदू ही दोन चित्रं जुळवू शकत नाही आणि दोन-दोन दिसायला लागतं. तिथे कॉन्टॅक्ट लेन्स हा चांगला मार्ग आहे. पण रोज स्वच्छ हाताने घालायची-काढायची. सुताच्या धुळीत आणि मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत हे सत्तरीच्या माणसाला झेपेल का, ते घरच्यांनी प्रामाणिकपणे ठरवावं.

६. पिशवी नाही, टाका नाही. मग लेन्स राहते कशावर?

स्वतःच्या पायांवर. या कामाला वापरतात ती तीन भागांची लेन्स. मधे ६ मिलिमीटरचं गोल भिंग आणि दोन बाजूंना धाग्यासारखे वाकडे दोन पाय. डोळ्याची पांढरी भिंत, म्हणजे श्वेतपटल, चिवट असते. समोरासमोर, बरोबर १८० अंशांवर, तिला दोन बारीक भोकं पाडतात, पाय त्यातून बाहेर ओढून घेतात आणि त्याच भिंतीच्या जाडीत रोवतात. खाटेच्या नवारीचं टोक विणीतच खोचून टाकावं, तसं. गाठ नाही, पकड त्या बोगद्याची.

जर्मनीत काम करणारे गाबोर शारिऑथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाय असे भिंतीतल्या बोगद्यात बसवण्याची पद्धत २००७ साली मांडली. त्याच वर्षी चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी 'ग्लूड' लेन्स सुरू केली. त्यात श्वेतपटलाचा चौकोनी पापुद्रा उचलतात, त्याखालून पाय बाहेर काढतात, कडेच्या बोगद्यात खोचतात आणि वर पापुद्रा डिंकाने (ग्लूने) चिकटवून टाकतात. पाय एका चिमट्यातून दुसऱ्या चिमट्यात सोपवताना टोकालाच धरावं लागतं, नाहीतर पाय वाकतो किंवा मोडतो. दोन्ही हातांतले चिमटे डोळ्याच्या आत एकमेकांना पाय देतात, म्हणून त्याला 'हँडशेक' म्हणतात.

७. सर यामाने की कायतरी म्हणाले. ते काय?

शिन यामाने हे जपानच्या योकोहामाचे सर्जन. त्यांची ही पद्धत २०१७ साली प्रसिद्ध झाली. यात पापुद्रा नाही, डिंक नाही. ३० गेजच्या, म्हणजे खूप बारीक, पातळ भिंतीच्या दोन सुया पांढऱ्या भागातून तिरप्या आत घालतात. लेन्सचा एकेक पाय एकेका सुईच्या पोकळीत ओवतात आणि सुया बाहेर ओढल्या की पाय त्यांच्यासोबत बाहेर येतात. मग खरी गंमत. बाहेर आलेल्या टोकाजवळ तापलेलं कॉटरी यंत्र नेतात. प्लास्टिक आक्रसतं आणि टोकाला बारीक बोंड तयार होतं. नायलॉनच्या दोरीचं टोक उसवू नये म्हणून आपण काडी पेटवून वितळवतो, तसंच. ते बोंड मग भिंतीत दाबून बसवतात. भोकापेक्षा बोंड मोठं, त्यामुळे पाय मागे सरकत नाही.

ऐकायला सोपं, पण दोन्ही सुयांचं अंतर आणि तिरकेपणा सारखा नसेल तर लेन्स कलते. डोळ्यावर शाईने खुणा करण्यात सर्जन इतका वेळ घालवतात, तो म्हणूनच.

८. मग ग्लू चांगली की यामाने?

तुमच्या सर्जनचा हात जिच्यावर बसलाय ती. हे टाळाटाळीचं उत्तर नाही. दोन्ही पद्धतींत नजर चांगली येते. यामानेत पांढरा भाग कमी कापावा लागतो, पण पाय लवचीक असलेली ठरावीक लेन्स मिळाली तर काम सोपं होतं. कडक पाय सुईत ओवताना मोडतात. ग्लूमध्ये लेन्सच्या निवडीला थोडी मोकळीक असते, पण वेळ जास्त लागतो आणि डिंकाचा खर्च वाढतो. याशिवाय 'क्लॉ लेन्स'ही आहे. हॉलंडच्या यान वोर्स्ट यांची ही कल्पना. लेन्स खेकड्याच्या नांगीसारखी बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याची चुणी पकडते. तिलाही टाका लागत नाही, वेळ कमी लागतो आणि ती स्वस्त पडते. पण ती घडी न होणारी, म्हणून जखम मोठी आणि त्या जखमेला मात्र टाके! रंगीत पडदाच माराने फाटलेला असेल तर ती बसत नाही.

पद्धतीच्या नावापेक्षा हे विचारा: अशी किती ऑपरेशनं केलीत? जेली साफ करायचं यंत्र आणि गरज पडली तर रेटिनाचे सर्जन हाताशी आहेत का? उत्तर 'हो' असेल तर पुण्याला किंवा हैदराबादला धावायची गरज नाही. 'नाही' असेल तर मात्र एसटीचं तिकीट काढा.

९. वडिलांची लेन्स दहा वर्षांपूर्वी टाक्याने बसवली आहे. ती काढून नवी बसवायची का?

चांगलं चाललेलं काढू नये. अडचण अशी की, या कामाला जो बारीक १०-० चा प्रोलीन धागा वापरायचे, तो वर्षानुवर्षांनी झिजून तुटल्याच्या घटना आहेत. टाक्याशिवायच्या पद्धतींकडे सर्जन वळले त्यामागे हे एक मोठं कारण. पण प्रत्येकाचा तुटतोच असं नाही. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासून घ्या. अचानक दोन प्रतिमा दिसल्या किंवा लेन्सची कड नजरेत आली, तर त्याच आठवड्यात दाखवा.

१०. तो डिंक म्हणजे फेविक्विकच ना? आणि तो कशापासून बनतो?

फेविक्विकशी त्याचा काही संबंध नाही. कृपया कुणी घरी प्रयोग करू नका. चुकून डोळ्यात पडलेलं फेविक्विक घेऊन येणारी पोरं वेगळी. हा फायब्रिन ग्लू. रक्त गोठताना शरीर जे जाळं विणतं, तेच फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र करून काही सेकंदांत तयार करतात. ते मानवी प्लाझ्मापासून येतं. दात्यांची तपासणी आणि विषाणू निष्क्रिय करण्याची प्रक्रिया झालेली असते. काही किटमध्ये प्राण्यापासून घेतलेला घटकही असतो. माळकरी मंडळी हे विचारतात आणि त्यांनी विचारावंच. त्यांना चालत नसेल तर आधी सांगा, डिंकाशिवायची पद्धत (प्रश्न ७) आहे.

एक गैरसमज काढून टाका: डिंक लेन्सला धरत नाही. तो पापुद्रा आणि वरची त्वचा बंद करतो आणि काही दिवसांत विरघळतो. "डिंक सुटला तर लेन्स पडेल" ही भीती नको. पकड बोगद्याची आहे.

११. ऑपरेशन किती वेळ चालतं? दुखतं का?

साध्या मोतीबिंदूपेक्षा जास्त. जेली काढायची असेल किंवा तळाशी पडलेलं भिंग उचलायचं असेल तर तासाच्या वरही जातं. मोठ्यांना डोळ्याशेजारी भुलीचं इंजेक्शन देतात, मुलांना पूर्ण भूल. सुया पांढऱ्या भागातून जातात, त्यामुळे थेंबांच्या भुलीवर भागत नाही. नंतर दोन-तीन दिवस खुपल्यासारखं होतं.

१२. नंतर चष्मा लागेल का? मल्टिफोकल बसवता येते का?

चष्मा लागेल असंच धरून चाला. लेन्सचा नंबर मोजमापावरून काढतात, पण ते गणित पिशवीत बसणाऱ्या लेन्सचं असतं. इथे लेन्स किंचित पुढे-मागे बसते, कधी जराशी कलते, त्यामुळे थोडा नंबर राहतो. वाचायचा चष्मा तर लागणारच. साधारण दीड महिन्याने नंबर स्थिरावला की मगच चष्मा बनवा. आठव्या दिवशी नव्या पेठेत जाऊन फ्रेम घेऊन येऊ नका.

मल्टिफोकल लेन्स, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी, मधोमध, जराही न कलता बसावी लागते. इथे ती खात्री देता येत नाही, म्हणून सर्जन शक्यतो टाळतात. महागडी एकसंध, म्हणजे भिंग आणि पाय एकाच तुकड्यातले असलेली लेन्सही नको: तिचे पाय जाड असतात, ते बोगद्यात जात नाहीत आणि पिशवीबाहेर ठेवल्यास रंगीत पडद्यावर घासत राहतात.

१३. मुलगा नऊ वर्षांचा, उंच, बोटं लांब. भिंग वर सरकलंय म्हणे. त्याला ही लेन्स बसेल?

आधी डोळा बाजूला ठेवा आणि हृदय तपासा. असं वर्णन मार्फन सिंड्रोम या जन्मजात आजाराकडे बोट दाखवतं; त्यात महाधमनी (हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी) फुगण्याचा धोका असतो, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणं टाळू नका. भिंग खालच्या अंगाला सरकलं असेल तर होमोसिस्टिन्युरिया हा दुसरा जन्मजात आजार मनात येतो. त्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, म्हणून पूर्ण भूल देण्यापूर्वी रक्ताची तपासणी हवी.

डोळ्याचं म्हणाल तर चष्म्याने किंवा कॉन्टॅक्ट लेन्सने भागत असेल तोवर थांबतात. मुलांचा डोळा वाढत असतो, ती चोळाचोळी करतात, आणि ही लेन्स पुढची साठ-सत्तर वर्षं टिकायला हवी. एवढा अनुभव या पद्धतींचा कुणाकडेच नाही. पण नजर मंदावत असेल तर थांबूनही चालत नाही, नाहीतर डोळा आळशी पडतो. हा तराजू सर्जनच्याच हातात.

१४. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बंद करू का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. या ऑपरेशनात सुई रक्तवाहिन्यांच्या थरातून जाते, त्यामुळे डोळ्यात रक्त येण्याची शक्यता साध्या मोतीबिंदूपेक्षा जास्त. तरी गोळी थांबवल्याने हृदयाला होणारा धोका त्याहून मोठा असू शकतो. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा.

१५. नंतर काय जपायचं? कामावर कधी जाता येईल?

पहिला नियम: डोळा चोळायचा नाही. महिनाभर नाही, कायमचाच. पायाची टोकं फक्त पातळ आवरणाखाली असतात आणि रोजच्या चोळण्याने ती उघडी पडू शकतात. मागावरच्या मंडळींना हे सगळ्यात अवघड, कारण सुताची धूळ दिवसभर खाजवते. मागावर परतताना बाजू झाकणारा गॉगल लावा. कोरडेपणासाठी थेंब लिहून घ्या.

महिनाभर डोक्यावरून पाणी नको, जड उचलणं नको. पंढरपूरला गेलात तर विठ्ठलाचं दर्शन घ्या, चंद्रभागेत बुडी मारू नका. साष्टांग नमस्काराऐवजी हात जोडा. गड्ड्याच्या यात्रेतली धूळही टाळलेली बरी. टेबलावर बसून करायचं काम दहा-पंधरा दिवसांत जमतं. मागावर आणि शेतात महिना-दीड महिना.

१६. धोके काय? कधी धावत यायचं?

डोळ्याचा दाब वाढणं किंवा उलट खूप उतरणं, आत थोडं रक्त येणं, मॅक्युलाला (रेटिनाच्या मधल्या भागाला) सूज, लेन्स कलणं. यातलं बरंचसं थेंबांनी आणि वेळाने सुधारतं. रेटिना सुटणं आणि जंतुसंसर्ग कमी वेळा होतात, पण तेच खरे गंभीर. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, नजर अचानक उतरली, विजा चमकल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा नजरेत कडेने काळ्या सावलीचा पडदा सरकत आला, तर सकाळची वाट पाहू नका.

एक वेगळी गोष्ट: कधी लेन्सची कड बाहुलीतून पुढे येऊन अडकते. बाहुली चौकोनी-वाकडी दिसते, नजर धूसर होते. हे सहसा थेंबांनी किंवा लेसरने सुटतं, पण उशीर नको.

१७. आरशात पांढऱ्या भागावर निळसर ठिपका दिसतोय. लेन्स बाहेर येतेय का?

बहुतेकदा ते आवरणाखाली नीट झाकलेलं पायाचं टोक असतं. काही लेन्सचे पाय मुळातच निळे असतात. ठिपका गुळगुळीत असेल आणि खुपत नसेल तर पुढच्या तपासणीला दाखवा. पण पापणी मिटताना काटा टोचल्यासारखं वाटत असेल, तर टोक उघडं पडलेलं असू शकतं, आणि उघडं टोक म्हणजे जंतूंना आत जायचा रस्ता. त्याच दिवशी या. ते पुन्हा झाकता येतं.

१८. एमआरआय चालेल का?

चालेल. या लेन्स आणि त्यांचे पाय प्लास्टिकचे असतात.

१९. खर्च किती? योजनेत बसतं का?

लेन्स, डिंक, जेली काढायची की नाही यावर आकडा बदलतो, म्हणून फोनवर सांगत नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठलं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्रांना विचारा. जाताना रेशनकार्ड, आधार आणि आधीचं डिस्चार्ज कार्ड न्या. फक्त "मोतीबिंदू" म्हणू नका, "आधीच्या ऑपरेशनात लेन्स बसली नाही" असं सांगा. दोन्हीचं पॅकेज एक नसतं.

२०. आधीच्या ऑपरेशनचे कागद हरवले. आता?

ऑपरेशन अडत नाही, पण काम वाढतं. आत काही लेन्स आहे का, पिशवीचा किती भाग उरलाय, हे सगळं नव्याने शोधावं लागतं. पिशवीची पुढची कड शाबूत असेल तर एवढा खटाटोप न करता तिच्यावरच लेन्स ठेवता येते, म्हणून हा शोध महत्त्वाचा. जिथे ऑपरेशन झालं तिथे नोंदीची नक्कल मागा. आणि नवी लेन्स बसल्यावर तिचा स्टिकर लावलेलं छोटं कार्ड मिळेल, त्याचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा, तोही मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्या मोबाइलवर. मागच्या महिन्यात एका आजींनी ते कार्ड चादरींच्या ट्रंकेत जपून ठेवलं होतं, आणि ट्रंकेची किल्ली लेकीबरोबर सुरतला गेली होती.